निळी फाईल सुरतेत

गुरुवार, आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस, सकाळी साडेदहा. रनाळ्याच्या, आमच्या गावच्या घरी हजर: मी, मुलगी, दादा (माझे मोठे दीर) आणि सुरतेहून आलेला परदेशी प्रवेशांचा एजंट. गैरहजर: हे, ड्युटीवर.

मी शाळेत लिपिक आहे. चार माणसं बसली की वही उघडायची, ही सवय तिथलीच. मुलीला इंग्लंडमधल्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. बँक शैक्षणिक कर्ज द्यायला तयार होती. पुढच्या शुक्रवारपर्यंत पहिली फी गेली नाही तर जागा जाणार होती. फी कोणाच्या खात्यात भरायची, एवढंच ठरवायचं होतं.

"आमच्या फर्मच्या खात्यात टाका, मॅडम," एजंट म्हणाला. "पौंडाचा भावही चांगला मिळवून देतो."

"बँक थेट विद्यापीठाला पाठवते म्हणतेय."

"थेट भरलं की व्हिसाची केस लटकते."

"का लटकते?"

त्याने सांजोरीचा तुकडा मोडला आणि छान झालीय म्हणाला. मी लिहिलं: थेट का नको? उत्तर नाही.

मुलीला काही विचारलं तरी उत्तर तोच देत होता. तेही लिहिलं.

"तुले ते सगळासवर वहीम येस," दादा म्हणाले. "पोर शिकाले जाई ऱ्हायनी, जेलमा नही!"

एजंट हसला. जरा जास्तच हसला. हा माणूस दादांनीच आणलेला, त्यांच्या पपईच्या व्यापाऱ्याच्या ओळखीतून. पानाच्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरात लिहिलं, 'दादांना यात काय?' आणि वर हात ठेवला.

"मग सोमवारी बँकेत जाते," मी म्हणाले. "मुलीचे मूळ कागद बघितले की मॅनेजर फी परस्पर पाठवणार आहेत."

मुलगी खाली बघू लागली. एजंटने फोन काढला.

"कपाटमानी निळी फाईल कोठे शे वं?" मी मुलीला विचारलं.

"मोठ्या बाबांनी नेली."

"मी सोता सुरतले जाईसन दी उनू," दादा म्हणाले. "तपासाले पाह्यजे व्हती. पोरनं काम आडाले नको."

"पावती?"

"वळखना माणूस शे. पावती कसानी?"

दहावीपासून पदवीपर्यंतची प्रत्येक गुणपत्रिका त्या फाईलमध्ये होती. एजंट शांतपणे म्हणाला, "कागद सेफ आहेत, मॅडम. फी आमच्याकडे आली की लगेच कुरिअर करतो."

दादांनी बशी खाली ठेवली. "फीना आनि कागदना काय संबंध?"

सकाळपासून मी जे विचारत होते, ते आता त्यांनी विचारलं. एजंटला अचानक गाडीची वेळ आठवली.

तो गेल्यावर दादांनी वही ओढून घेतली. कोपऱ्यातली ओळ त्यांनी वाचली, हे मला दिसलं. ते एवढंच म्हणाले, "सकाळनी गाडी धरूत."

शुक्रवारी आम्ही दोघं सुरतेला जाऊन आलो. फर्मच्या काउंटरवरच्या मुलीने साहेब बाहेरगावी गेल्याचं सांगितलं; फाईल मिळाली नाही. परतीच्या प्रवासात दादा खिडकीबाहेर बघत बसले.

आज शनिवार. वहीतल्या प्रवेशाच्या यादीत सहा कामांपुढे खूण झाली आहे. कोपऱ्यातली ओळ अजून खोडलेली नाही.

सातवं काम: निळी फाईल ताब्यात घेणे, सोमवारी दहाच्या, म्हणजे बँक उघडायच्या आत. जबाबदारी: दादा आणि मी. बाकी.