मॅनेजरबाईंच्या नोंदी

त्या इमारतीत तिला सगळे मॅनेजर म्हणतात. वय वर्षं चौदा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दार उघडलं तिनंच. एका हातात पातेलं, कान आणि खांद्यामध्ये फोन, आणि फोनवर गॅसवाल्याला दम देणं चालू. मला तिनं डोळ्यांनीच खुर्ची दाखवली. आजारी माणसांच्या घरी जाणारी नर्स म्हणून मी वीस वर्षं काढली, पण कुणी मला असं गप्प बसवल्याचं आठवत नाही.

तिची आई शाळांचे गणवेश शिवायची. आठ महिन्यांपूर्वी तिला झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. शिलाई मशीनवर आता औषधांच्या डब्या मांडलेल्या होत्या. वडील लांबच्या ट्रकवर ड्रायव्हर, पंधरा दिवसांतून दोन दिवस घरी. त्यामुळे आईला उठवणं-बसवणं, अंघोळ, व्यायाम, स्वयंपाक, सगळं मॅनेजरकडे. शाळा जवळजवळ सुटलीच होती. महिन्याभरात ती नियमित आली नाही तर यंदा परीक्षेला बसता येणार नाही, असं शाळेनं कळवलं होतं.

आमची संस्था अशा घरांना शाळेच्या वेळेत मदतनीस बाई देते. पण त्यासाठी मुलांनी चार आठवडे रोज संध्याकाळी फोनवरच्या ॲपमध्ये स्वतःविषयी पाच प्रश्नांची उत्तरं भरायची असतात. किती झोपलीस, काय जेवलीस, काही दुखतंय का, शाळेत गेलीस का, मन कसं आहे. मला या ॲपचं फारसं कौतुक नाही. पण माझ्या तोंडी सांगण्यापेक्षा ऑफिसचा त्याच्यावर विश्वास जास्त.

दोन आठवड्यांनी मी तिच्या नोंदी उघडल्या आणि कपाळावर हात मारला. झोप: तीनदा कूस बदलून दिली. जेवण: मऊ भात, अर्धी वाटी. दुखणं: उजवा खांदा. शाळेच्या प्रश्नापुढे रोज लिहिलेलं, ‘लागू नाही’.

“अगं, हे सगळं आईचं आहे. तुझं कुठंय?”

“माझं काय लिहायचं, ताई? मी काय आजारी आहे?”

“ते प्रश्न तुलाच विचारलेत.”

“मला?” तिला खरंच पटेना. मग माझं मन राखायचं म्हणून तिनं फोन घेतला, माझ्यासमोर पाचही ठिकाणी ‘ठीक’ दाबलं आणि भांडी घासायला गेली.

मला तिचा रागही आला आणि काळजीही वाटली. असंच ‘ठीक’ राहिलं तर मदतनीस मिळणार नव्हती आणि पोरीचं वर्ष हकनाक जाणार होतं. तेवढ्यात पलंगाच्या दांडीवर टकटक झाली. आई डाव्या हाताच्या अंगठीनं वाजवत होती. तिनं फोनकडे बोट दाखवलं.

मी फोन तिच्या उशीशी टेकवून धरला. डाव्या हाताच्या एका बोटानं ती लिहू लागली. अक्षर चुकलं की पुसायची आणि पुन्हा लिहायची. एवढ्याशा मजकुराला वीस मिनिटं लागली.

‘झोप साडेचार तास. सकाळी नुसता चहा. दुपारी माझं उरलेलं, तेही उभ्यानं. पाठ दुखते, मला उचलताना ओठ चावते. शाळा नाही. फ्रॉक कमरेत दीड इंच सैल झालाय.’

मी चाट पडले. दोन आठवडे मी त्या घरात जात होते, पण पोरीचा फ्रॉक माझ्या नजरेला आला नव्हता. शिंप्याचा डोळा तो, पलंगावरून माप घेत होता.

पुढचे दोन आठवडे रोज आईनंच भरलं. ऑफिसात अपेक्षेप्रमाणे घोडं अडलं. साहेब म्हणाले, “नियमाप्रमाणे मुलीनं स्वतः भरायला हवं.”

“मुलगी खोटं लिहिते, आई खरं लिहिते. तुम्हाला कुठलं हवंय ते सांगा.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी हलले नाही. शेवटी त्यांनी सही केली.

सोमवारपासून मदतनीस बाई आली. मॅनेजरनं पहिले दोन दिवस तिला सूचनांनी भंडावून सोडलं, तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं दप्तर उचललं. काम झालं होतं, आता नोंदी भरायची गरज नव्हती, तसं मी आईला सांगितलंही. त्यावर ती फक्त हसली आणि नोंदी येतच राहिल्या. मीही त्या वाचत राहिले. कालची अशी होती:

‘आज तासभर उशिरा आली. न सांगता मैत्रिणीकडे गेली होती. फोनवर लिहून चांगली रागावले. तोंड फुगवून बसली. जेवली मात्र पोटभर.’