ताईच्या घरचा झरोका

आमच्या गल्लीत त्याला सगळे फटीवाला म्हणतात. कार्डावर 'घर-उष्णता सल्लागार' असं छापलेलं आहे, पण त्या नावाने त्याला आजवर कुणी हाक मारलेली नाही. हिवाळ्यातली ऊब आणि उन्हाळ्यातला गारवा घरातून ज्या वाटांनी पळून जातात, त्या शोधून बुजवणं हा त्याचा धंदा. हत्यार म्हणाल तर काडीला चिकटवलेली पातळ कागदाची पट्टी. चौकटीजवळ धरायची, थरथरली की चोर सापडला. बायको म्हणते, "मला बघायला आले तेव्हा यांनी मला कमी आणि आमच्या खिडक्यांनाच जास्त पाहिलं."

धंद्यात त्याचा एक नियम होता. फटीला हात लावण्याआधी एक छापील कागद भरायचा. त्यावर पहिलाच प्रश्न : घरात काय जळतं? जिथे गॅस किंवा कोळसा जळतो, तिथे हवेला यायला-जायला वाट ठेवायची. बाकीचं खुशाल बुजवायचं. परक्यांच्या शेकडो घरांत त्याने हा कागद भरला. घरच्या माणसांकडे कोण कागद काढत बसतो?

"जगाच्या फटी बुजवत हिंडतोस," थोरली बहीण एकदा म्हणाली, "आणि सख्ख्या बहिणीच्या घरात पडदे नाचतात!"

ताई एकटी राहते. थंडीत तिचे गुडघे धरतात. टोमणा वर्मी लागला आणि रविवारी तो इरेला पेटून कामाला लागला. दाराला रबर, खिडक्यांवर ताणून बसवलेलं प्लास्टिक, चौकटींच्या कडांना सिलिकॉन. पट्टी सगळ्यात जास्त फडफडली ती कपाटामागच्या झरोक्यापाशी. त्यात त्याने फोम ठासला आणि वरून जाड चिकटपट्टी मारली. काम चालू असताना दार उघडं होतं, म्हणून कोपऱ्यातला गॅसचा हिटर बंद होता. बंद वस्तूकडे कोण बघतो?

संध्याकाळी घरात पट्टी कुठेच हलेना.

"डब्यात ठेवल्यासारखं वाटतंय रे," ताई म्हणाली. त्याने ते कौतुक समजून खिशात घातलं.

मंगळवारी सकाळी तिचा फोन आला. डोकं जड आहे, मळमळतंय, सर्दी झाली असावी.

"आज थंडी फार आहे," तो म्हणाला. "हिटर मोठा कर आणि पडून राहा."

दुपारी तो एका निवृत्त मास्तरांकडे काम करत होता. मास्तरांनी वर बोट दाखवलं. "ही एवढी मोठी फट सोडलीत की हो!"

"ती फट नाही, मास्तर. झरोका आहे. खाली तुमचा गॅसचा हिटर आहे ना? झरोका बुजवला तर विषारी वायू घरातच साठतो. वास नाही, रंग नाही. आधी नुसतं डोकं जड होतं, मग..."

शिडीवरून उतरताना त्याची एक चप्पल वरच राहिली.

ताईचा फोन वाजत राहिला. शेजारचं जोडपं या वेळी कामावर. स्कूटरवर दहा मिनिटांची वाट, त्यात तीन सिग्नल. दोन त्याने पाहिले नाहीत आणि तिसऱ्याने त्याला पाहिलं नाही.

दाराला आतून कडी होती. त्याने बेल दाबली, मग मुठींनी दार बडवलं. खाली, वर, बाजूला, रबर चोख बसलं होतं. रस्त्यावरचा आवाजसुद्धा आत येणार नाही, असं त्यानेच छातीठोकपणे सांगितलं होतं. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द तो पाळतो.

त्याने हातोडीने खिडकीची काच फोडली. आतलं प्लास्टिक ताणलं गेलं, पण फाटेना. माल उत्तम होता. शेवटी सुरीने कापून, हात रक्ताळून घेत तो आत पडला. आत छान ऊब होती. ताई खुर्चीत मान टाकून बसली होती.

"ताई! ए ताई!"

तिने महत्प्रयासाने डोळे किलकिले केले. "खिडकी लाव रे," ती पुटपुटली. "वारा येतोय."

दार उघडून त्याने तिला काखेत हात घालून फरफटत अंगणात आणलं. मग श्वास रोखून आत जाऊन हिटर बंद केला. दवाखान्यात ताईला रात्रभर प्राणवायूवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर आणलं नसतंत तरी चाललं असतं. डॉक्टर बहुधा स्वतःच्या घरच्या माणसांशीच गोड बोलत असावेत.

ताई घरी आली त्या दिवशी त्याने कपाट सरकवलं, चिकटपट्टी खरवडली आणि फोम उपसून काढला. मग पिशवीतून छापील कागद काढला.

"नाव?" त्याने विचारलं.

"ताई. विसरलास का?"

त्याने मान खाली घालून लिहिलं. मग पहिला प्रश्न विचारला, आणि कोपऱ्यात जाऊन उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आला.

"आणि त्या भोकाचं काय?" ताईने झरोक्याकडे पाहत गुडघ्यांवर हात चोळले. "तिथून वारा येतोय."

"येऊ दे."

"थंडी वाजते मला."

सल्लागाराने आयुष्यातला सगळ्यात स्वस्त सल्ला दिला. "शाल घे."