तिसरं कडवं कुणाचं

मानवतच्या सरजाबाई खिल्लारे संशयी आहेत, हे त्यांच्या गल्लीत कुणी मागून बोलत नाही, तोंडावरच बोलतात. रेशनच्या दुकानात अंगठा लावला की पावती हातात पडेपर्यंत त्या खिडकी सोडत नाहीत. दूधवाल्याच्या मापाच्या तळाशी बोट फिरवून बघतात. मुलगा सिद्धोधन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. त्यानं आणलेल्या औषधाच्या गोळ्यासुद्धा जुन्या पाकिटाशी ताडून मगच गिळतात. जिनिंगमध्ये कापूस ओढण्यात उमर गेली, तिथं असं वागावंच लागतं, असं त्या म्हणतात. पण सिद्धोधनला माहीत आहे, आईचा शक जिनिंगमधला नाही. तो एका गाण्यावरून सुरू झाला.

सरजाबाईंचे वडील तात्याराव वाव्हळे यांची गायन पार्टी होती. जयंतीच्या महिन्यात आणि लग्नसराईत ते पेटी खांद्याला लावून गावोगाव जात. शिक्षणाचं, गावकुसाबाहेरच्या जगण्याचं गाणं स्वतः रचत आणि शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफत. त्यांचं एक गाणं मानवत, पाथरी, जिंतूरकडं सगळ्यांच्या तोंडी होतं.

गावकुसाबाहेर दिवा लाविला, वारा त्याला विझवेना
शाळेच्या वाटेला लागलं पाऊल, मागं आता फिरेना

आणि शेवट असा :

तात्याराव म्हणे उजेड हा, कुणाच्या बापाला झाकेना

तात्याराव गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एका मेळाव्यात सरजाबाईंना पुस्तकांच्या गाळ्यावर एक पुस्तिका दिसली. कव्हरवर एका गायकाचा फोटो. आत पहिलंच गाणं वडलांचं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेल्या सरजाबाईंनी ओळीखाली बोट धरून ते वाचलं. सगळं होतं, फक्त शेवटचं कडवं नव्हतं, आणि वर कवी म्हणून फोटोतल्या माणसाचं नाव होतं. तो माणूस शेजारीच खुर्चीवर बसला होता. सरजाबाईंनी विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, "गाणं समाजाचं असतं, ताई."

"मग वर तुमचं नाव कामून?" सरजाबाईंनी विचारलं. त्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

त्या दिवसापासून वडलांची गाणी त्यांनी घराबाहेर गायली नाहीत.

म्हणून अर्पिता नावाची प्राध्यापक बाई परभणीहून आली तेव्हा सरजाबाईंनी तिला चहा दिला, पण गाणं दिलं नाही. अर्पिता जिल्ह्यातल्या गायन पार्ट्यांवर पीएच.डी. करत होती. सिद्धोधनच्या ओळखीची होती. बोलायला मऊ होती, आणि तेच सरजाबाईंना खटकलं.

"फोन चालू हाय का बंद?"

"बंद आहे, मावशी."

"मग हातात कामून धरलाय? तिकडं उंबऱ्यावर ठिवा."

अर्पितानं फोन उंबऱ्यावर ठेवला. तिसऱ्या खेपेला सरजाबाई म्हणाल्या, "गाते. पण बापाचं नाव येणार का?"

"येणार. गाणं कुणाचं, कुणाकडून ऐकलं, कुठं ऐकलं, सगळं लिहावं लागतं. नाहीतर तो प्रबंधच होत नाही."

सरजाबाईंनी फोन आत आणायला लावला आणि गाणं गायलं. मात्र गाताना पहिल्याच ओळीत मुद्दाम 'गावकुसाबाहेर'च्या जागी 'गावकुसापाशी' म्हटलं. ही बाई आपलं ऐकून लिहिते की पुस्तिकेतून उतरवून घेते, ते बघायचं होतं.

पावसाळा सरला. अर्पिता टाइप केलेलं प्रकरण घेऊन आली. सरजाबाईंनी चष्मा लावला, बोट धरलं आणि पहिल्याच ओळीवर थांबल्या. तिथं छापलं होतं : गावकुसाबाहेर.

त्यांनी पान उलटलं. खाली बारीक अक्षरात तळटीप होती. आधी आडनाव, मग नाव, साल, पुस्तिकेचं नाव, प्रकाशक. सगळं त्या फोटोतल्या माणसाचं. त्यापुढं एक ओळ : काही गायक या गाण्याच्या अखेरीस एक जादा कडवे गातात.

"जादा?" सरजाबाई म्हणाल्या. "माझा बाप जादा?"

अर्पिताचा चेहरा उतरला. ती सांगू लागली, की मार्गदर्शक सरांचं म्हणणं आहे, छापील संदर्भ उपलब्ध असेल तर छापीलच द्यायचा. तोंडी माहितीला साल नाही, प्रकाशक नाही, परीक्षक तिथंच बोट ठेवतात.

"म्हंजे ज्यानं छापलं त्याचं खरं, आन् ज्यानं रचलं ते जादा. लय चांगली रीत हाय तुमची. उठा."

"मावशी, ऐका तर..."

"म्या तुमाला चुकीची ओळ दिली व्हती, बाई. तुमी माझं लिवलंच न्हाई. त्याचं लिवलं. उठा आता."

सिद्धोधन मध्ये पडायला गेला. "तुझी काय भागी हाय का ह्यात?" असं आईनं विचारल्यावर तो बाहेर जाऊन उभा राहिला.

अर्पितानं खरंच सरांशी भांडण केलं असावं, कारण महिन्याभरात ती परत आली. दारातूनच म्हणाली, की सर ऐकायला तयार आहेत, पण एक अट आहे. मुलगी बापाचं नाव सांगणारच. घराबाहेरचं कुणी तेच सांगतं का, ते बघायचं.

"कोर्टासारखं," सरजाबाई म्हणाल्या. रागावल्या होत्या, पण अट त्यांना पटली. त्यांनीही दुसऱ्याकडून हेच मागितलं असतं. वडलांच्या पार्टीतला एकच माणूस उरला होता. ढोलकी वाजवणारा भागवत मकासरे. तो चारठाण्याला राहत होता.

दोघी परभणीला गाडी बदलून जिंतूरच्या बसमध्ये बसल्या. वाटेत सरजाबाईंनी अर्पिताला बजावलं, "तिथं गेल्यावर तुमी आधी बोलायचं न्हाई. गाणं कुणाचं ते सांगून इचारायचं न्हाई. नुसतं गाणं म्हणा म्हणायचं."

चारठाण्यात जुन्या देवळांच्या मागच्या वस्तीत भागवत खाटेवर बसला होता. दात गेले होते, बोटं मात्र अजून खाटेच्या माचव्यावर ताल धरत होती. सरजाबाईंना ओळखायला त्याला वेळ लागला. ओळखल्यावर तो रडला. मग गायला. आवाज फाटका होता, पण एक शब्द चुकला नाही. शेवटी आलं, तात्याराव म्हणे उजेड हा, आणि सरजाबाईंनी अर्पिताकडं असं बघितलं, की अर्पितानं मान खाली घातली.

"म्हंजे गाणं तात्यारावांचं?" अर्पितानं विचारलं.

"तात्यारावाचंच की. आमच्या म्होरंच रचलं," भागवत म्हणाला. "तिसरं कडवं सोडून."

"काय?" सरजाबाई म्हणाल्या.

"तिसरं आमच्या पंचफुलाचं. माझ्या थोरल्या बहिणीचं. तिला सासरी नांदवलं न्हाई, माघारी आली व्हती. तुझा बाप आमच्या वट्यावर गाणं जुळवित बसला, तिसऱ्याला येऊन अडला. तिनं आतून म्हणून दिलं."

"मग आजवर कामून बोलला न्हाईस?"

"कुणी इचारलंय?"

"आन् आजच बरं आठवलं. ही बाई लिवून घ्यायला आली तवाच." सरजाबाईंचा आवाज चढला. "तुला काय पाहिजे त्यातून?"

"सरजा, मला काय पाहिजे आता? नाव तुझ्या बापाचंच हाय शेवटाला. बाईचं नाव गाण्यात कोण घालत व्हतं तवा? तात्याराव म्हणला, लोक हसतील. तीबी म्हणली, राहू द्या."

सरजाबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. जिंतूर मागं पडल्यावर एकदम म्हणाल्या, "फोन चालू व्हता का तुमचा?"

"होता. भागवतकाकांना विचारून चालू केला होता."

"ते पुसून टाका."

अर्पितानं फोन काढला. "तुम्ही म्हणाल तर पुसते. पण तुमच्या वडलांचं नाव पण त्यातच आहे, मावशी. एक ठेवून दुसरं पुसता येणार नाही मला. सरांनी पूर्ण ऐकायला मागितलं तर?"

सरजाबाईंना वाटलं, ही आपल्याला कोंडीत पकडते आहे. मग वाटलं, भागवत आणि हिचं आधीच बोलणं झालं असेल. मग आठवलं, चारठाण्याला जायचं ठरलं ते आपणच सांगितलं म्हणून. परभणीचं स्टँड येईपर्यंत त्यांनी रेकॉर्डिंग पुसायला लावलं नाही आणि ठेवायलाही सांगितलं नाही.

घरी आल्यावर चार-पाच दिवस त्या भांडी घासताना तिसरं कडवं पुटपुटत राहिल्या.

राखंत बोटानं अक्षर गिरवलं, चुलीपाशी मी शिकले
भाकर करपली, सासू रागावली, नाव माझं मी लिहिले

लहानपणी त्यांनी हे कडवं वडलांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. मिशीवाला, दणकट बाप 'मी शिकले' म्हणायचा तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. बाकी साऱ्या गाण्यात कुठंही 'मी' नव्हता. इथंच एकदम बाई बोलायची आणि पुढच्या कडव्यात ती निघून जायची. कवी काहीही बनू शकतो, असं सरजाबाई धरून चालल्या होत्या. मापाच्या तळाला बोट लावणाऱ्या बाईनं इथं कधी बोट लावलं नव्हतं.

रविवारी त्यांनी सिद्धोधनला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, आजोबांचं नाव कमी होत नाही त्यानं."

"व्हतंय," सरजाबाई म्हणाल्या. "एक कडवं कमी व्हतंय. ते मला कळतंय. तू मला समजवू नको." मग म्हणाल्या, "त्या पुस्तिकावाल्याला म्या काय काय बोलले. आन् माझ्या बापानं..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. "लाव त्या अर्पिताला फोन."

अर्पितानं फोन उचलला तेव्हा सरजाबाई थेट म्हणाल्या, "पुसू नका ते. पंचफुलाचं लिवा. पण आधी बापाचं."

"आधी वडलांचंच येईल. तीन कडवी त्यांची आहेत."

"आन् पहिल्या ओळीत 'बाहेर'च राहू द्या. 'पाशी' म्या खोटं सांगितलं व्हतं."

"तेही टिपेत लिहू का?" अर्पितानं हसत विचारलं.

"लिवा. मागं कुणी माझा आवाज ऐकून म्हणंल, बाईला बापाचं गाणंबी येत न्हाई."

प्रबंध पूर्ण व्हायला आणखी वर्ष गेलं. सरांनी दोन्ही मुलाखती मान्य केल्या, पुस्तिकेचा उल्लेख मात्र काढू दिला नाही. छापलेलं आहे तर ते नोंदवलंच पाहिजे, पण 'अखेरचे कडवे वगळून, अन्य नावाने छापलेले' असं पुढं लिहा, असं त्यांनीच सुचवलं. अर्पिता कच्ची प्रत घेऊन आली तेव्हा सरजाबाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. सरांबद्दल त्यांनी पहिल्यांदाच एक बरा शब्द काढला.

संदर्भसूचीवर मात्र त्या अडल्या. नावं आडनावाच्या अक्षरक्रमानं होती. भागवत आणि सरजाबाई मुलाखतींच्या यादीत, तात्याराव आणि पंचफुला रचनाकारांच्या.

"मी 'ख' मधे आन् बाप पार खाली 'व' मधे? तेबी दुसऱ्या यादीत?"

"पद्धतच तशी आहे, मावशी."

"मला वाव्हळे करा मग."

"तुमच्या आधार कार्डावर खिल्लारे आहे. उद्या कुणी तपासायला आलं तर?"

तपासायला कुणीतरी येणारच, ह्याची सरजाबाईंना खात्री होती. रचनाकारांची यादी त्यांनी परत वाचली. मकासरे, पंचफुला. तिच्या खाली वाव्हळे, तात्याराव. मध्ये दुसरं कुणी नव्हतं.

"ही वर आली," त्या म्हणाल्या.

"'म' आधी येतो."

"येऊ द्या."

प्रबंध आता कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. ती पुस्तिका अजून मेळाव्यात विकली जाते आणि तिच्यात काही बदल झालेला नाही. गेल्या जयंतीला सरजाबाई मानवतच्या मंडपात पुष्कळ वर्षांनी गायला उभ्या राहिल्या. तिसऱ्या कडव्याआधी पेटी थांबवून त्यांनी ते कुणाचं ते सांगितलं. पुढं बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडं बघितलं, बाकीच्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

अर्पिता अजून येते. वडलांची बाकीची गाणी तिला हवी आहेत. सरजाबाई एका वेळी एकच देतात. आणि पुढचं गाणं मागितलं की विचारतात, मागचं कुठं छापलं ते आधी दाखवा.