करमत नाही

मी शिकवते त्या शाळेत प्रार्थना चालू होती. ताईचा फोन मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा ताई नव्हे, तिची शेजारीण बोलत होती. "भूषण गेला..." मी म्हटलं, कुठे गेला? पोरगा सदा कुठेतरी जातच असायचा. माझा भाचा, तेवीस वर्षांचा, सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड तपासणारा. त्याने स्वतःचा जीव संपवला, हे डोक्यात शिरायला मला बराच वेळ लागला.

उधन्यातल्या आमच्या गल्लीत भूषण नको असलेलं एक घर सापडलं नसतं. कुणाचं भांडण मिटवायचंय, कुणाच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचंय... भूषणला बोलवा! माझ्या दारात यायचा तोही गाडी चालूच ठेवून. उंबरठ्यावर उभ्या उभ्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचा. "बस की रे मेल्या, घोड्यावर आहेस का?" मी ओरडायची. आमच्या खानदेशी बोलीत "कसा शेस?" विचारलं की घास तोंडात असतानाच उत्तर यायचं, अख्खी सुरत देते तेच गुजराती, मजेत असल्याचं, "मजामा!" सगळ्यांचं ऐकायचं, कुणाला नाही म्हणायचं नाही, असा त्याचा स्वभाव, आम्ही त्याचं कोण कौतुक करायचो. स्वतःचं सांगायची वेळ आली की मात्र कुणाची तरी नक्कल करून हसवायचा आणि निसटायचा. आता त्या हसण्याचा राग येतो मला. भूषणचाही येतो, खोटं कशाला बोलू?

एकदाच तो वेगळं बोलला होता. दिवाळीनंतर ताईकडे आम्ही सगळे जेवत होतो. ताट सरकवून म्हणाला, "माले करमत नही." आमच्याकडे हा शब्द घरापासून लांब आलेल्यांचा. सासरी गेलेल्या पोरीला करमत नाही, कामासाठी सुरतेत नव्याने आलेल्याला करमत नाही, औषधही ठरलेलं. ताई म्हणाली, "चार दिन गावले जाई ये, बरं वाटी." पोरगा जन्मला सुरतेत, वाढला सुरतेत, त्याला गावाची ओढ कुठली लागणार? पण हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तो गावी गेला, चुलतभावाच्या लग्नात नाचला, त्याचा व्हिडिओ आला. "बघा, खुलला पोरगा!" आम्ही म्हणालो. परत आला आणि काही आठवड्यांतच...

परवा त्याची धाकटी बहीण कोमल डबा परत द्यायला आली. उंबरठ्यावरच उभी राहिली.

"कशी शे वं?"

"मजामा," सवयीने म्हणाली. पण गेली नाही. जरा वेळाने, खाली बघत, "माले करमत नही, मावशी."

'गावी मामाकडे जाऊन ये चार दिवस' हे माझ्या जिभेवर आलंच होतं. गिळलं. गॅस बंद केला. "बठ," म्हटलं. "काय काय व्हस, माले सांग. डॉक्टरकडे बी जाऊत दोन्ही जनी. पन पहिले सांग."

भूषण उभा राहायचा तिथेच ती बसली आणि हळूहळू बोलू लागली... मी मध्ये एक शब्द बोलले नाही. माझ्यासारखी बडबडी बाई!