टेबल राखीव आहे

समोरच्या हॉटेलातल्या त्या वेटरला सगळी गल्ली कारलं म्हणायची. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, हे त्याच्याकडे बघून पटायचं. माझं चष्म्याचं दुकान त्या हॉटेलच्या बरोबर समोर. गिऱ्हाईक नसलं की मी काचा पुसत त्याच्याकडे बघत बसायचो. बायको म्हणायची, "डोळे तपासता तपासता तुम्हाला माणसंच तपासायची खोड लागलीय." खोटं कशाला बोलू, लागली होती.

हॉटेलचं नाव मोठं. संध्याकाळी दारात रांग लागायची. दुपारी मात्र टेबलं रिकामी असायची आणि नेमकं तेव्हाच कारलं दारात उभं राहून लोकांना पिटाळायचं. कॉलेजातली एक जोडी आली, तर म्हणे "जागा नाही". एक म्हातारा काठी टेकत आला, तर त्याला म्हणाला, "आजोबा, ही काय धर्मशाळा आहे? कोपऱ्यावर टपरी आहे, तिकडे जा." पण कुणी मोठ्या गाडीतून उतरलं की हाच माणूस कमरेत वाकून दार उघडायचा. चपला बघून माणूस जोखणारा दिसतो, असं मी ठरवून टाकलं. असल्या माणसांची मला भयंकर चीड आहे.

पण एकदा तो चष्म्याची काडी बसवून घ्यायला माझ्याकडे आला आणि माझा सगळा हिशेब चुकला. स्टुलावर अंग चोरून बसला होता.

"सावकाश करा साहेब, मला घाई नाही," तो म्हणाला. आवाज इतका मऊ, की मी दोनदा वर बघितलं.

"मग तिकडे लोकांच्या अंगावर का धावता?" मी विचारलंच.

"जीभच वाईट आहे," तो हसून म्हणाला. मग आपणहूनच बोलला, "मालकाने बजावलंय, आणखी एक तक्रार आली की घरी बसायचं. पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. तेवढं निभावलं की सुटलो."

नोकरी अशी टांगणीला लागलेली आणि तरी जीभ आवरत नाही, म्हणजे काय? माझ्या डोक्यात तो किडा वळवळत राहिला.

त्यानंतर काही दिवसांनी त्याने माझ्या मावशीलाच हाकललं.

मावशीने कपडे शिवून जन्म काढलेला. मोतीबिंदू काढल्यावर मी तिला नवा चष्मा दिला. तो लावून ती समोर बघतच राहिली. "इतकी वर्षं बाहेरून बघितलं," ती म्हणाली, "आज आत बसून कॉफी पिते." आणि गेली तशी लालबुंद होऊन परत आली.

"म्हणतो, बाई, हे तुमच्यासारख्यांचं ठिकाण नाही! चल, मालकालाच विचारते."

"जाऊ दे ना मावशी, त्याची पोर शिकतेय. गरिबाच्या पोटावर पाय पडेल."

"आणि माझ्या अब्रूवर पडला तो?"

शटर अर्धं ओढून तिच्या मागे गेलो.

मालक गल्ल्यावरच होता. तोंडात नुसती साखर. "चुकलं आमचं, काकू. बसा, निवांत बसा." मग कारल्याकडे वळून तो हळूच म्हणाला, "यांची माफी माग आणि ऑर्डर घे. नाहीतर एप्रन ठेव."

कारल्याने माफी मागितली. मावशी खिडकीजवळ ऐटीत बसली आणि म्हणाली, "एक कॉफी." एवढंच लिहून घ्यायचं होतं. त्याने पेन्सिल उचलली, पण त्याची नजर मावशीच्या पर्सवर गेली. तुटलेल्या चेनला तिने सेफ्टी पिन लावली होती. त्याने पेन्सिल परत खिशात ठेवली.

"उठा," तो एकदम म्हणाला. "हे टेबल राखीव आहे."

मालकाने ऐकलं. पुढचं बोलणं फार झालंच नाही. कारल्याने एप्रनची नीट घडी केली, गल्ल्यावर ठेवली आणि तो निघून गेला.

"खोड मोडली," मावशी म्हणाली. दुसऱ्या वेटरने हसतमुखाने कॉफी आणली. चांगली होती, पण घोटभरच. मग बिल आलं. कॉफीच्या खाली आणखी एक आकडा होता, घरातली सगळी माणसं जेवतील एवढा.

"हे काय?"

"टेबलाचा मिनिमम, सर. बसलं की एवढं बिल द्यावंच लागतं," तो तितक्याच गोड आवाजात म्हणाला.

"मेनूवर नाही, दारावर नाही. आधी सांगितलं का नाहीत?"

"नेहमीच्यांना माहीत असतं," मालक गल्ल्यावरूनच म्हणाला. मघाची साखर आता संपली होती.

मी खिशात हात घातला, तर मावशीने तो बाजूला सारला. "मागवली मी, देणार मी." आदल्या दिवशीची शिलाई आणि तळाची चिल्लर टेबलावर ओतली, तेव्हा कुठे बिल भागलं. मग ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मीही बघत होतो. ती कॉलेजातली जोडी, तो काठीवाला म्हातारा, सगळे माझ्या डोळ्यांपुढे आले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर आलो, तर तो वेटर बसथांब्यावर उभा होता. मावशी तरातरा त्याच्यापुढे जाऊन थांबली.

"अरे बाबा, तोंडाने सांगायचं होतंस की मला."

"सांगायची बंदी होती, मावशी," तो म्हणाला. "हाकलायची नव्हती."

मावशीच्या नव्या चष्म्याआडून पाणी आलं. त्याने तिच्या उघड्या पर्सकडे बघितलं, खिशातून बसपुरते सुटे काढले आणि तिच्या हातावर ठेवले.

"घ्या, आणि निघा आता," दारातून लोकांना पिटाळायचा त्याच आवाजात तो म्हणाला. "इथे उभं राहू नका."

मावशी मुकाट्याने समोर आलेल्या बसमध्ये चढली.