शिवलेलं पिंप

लंडनमधल्या हॅरोच्या कुरिअर काउंटरवरची ती बाई गळ्यात शिंप्यासारखी टेप घालून बसायची आणि प्रत्येकाचं खोकं दोनदा मोजायची. मला मँचेस्टरला नोकरी लागली, तेव्हा घरी बियर करायचं माझं भलंमोठं पिंप मी तिच्यापुढे ठेवलं. पुण्यात आई पार्सल शिवते तसंच, जुन्या चादरीत घट्ट शिवून, वर मार्करनं पत्ता लिहून.

तिनं टाक्यांवरून हळूच बोट फिरवलं.

"लव्हली शिवण आहे. पण हे पार्सल नाही."

"अशी पार्सलं अख्खा भारत ओलांडून जातात!" मी भडकलो.

"नेक्स्ट, प्लीज."

शेवटी पिंप मांडीवर घेऊन ट्रेननं मँचेस्टर गाठलं. एक टाका उसवला नाही. नाकारलं तर नाकारलं. पण गळ्यात टेप असून बाईनं माझं पिंप एकदासुद्धा मोजू नये?