शामरावांनी पाहिलेला धूमकेतू

गोदूताई राग विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. ब्राह्मणपारा या मोहल्ल्यातल्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं, निवृत्तीनंतर घराच्या गच्चीवर दुर्बीण मांडली, आणि थोरले दीर शामराव यांच्यावरचा राग लोणच्यासारखा मुरत ठेवला.

कारणही तसंच होतं. २०१३ साली आयसॉन नावाच्या धूमकेतूचा पेपरवाल्यांनी डंका पिटला. बाईंनी साऱ्या पाऱ्याला पहाटे गच्चीवर बोलावलं, आणि तो मेला सूर्याजवळ जाऊन फुटला. फजिती झाली, तीही बाईंनी पचवली असती. पण त्याच दिवसांत त्यांच्या लेकीला, गंधालीला, बघायला नागपूरचे पाहुणे आले. पंडरीच्या बाजारात कापडाचा ठोक धंदा करणाऱ्या शामरावांनी हसत हसत त्यांना सांगितलं, की आमची गोदू तर धूमकेतूला घरी बोलावते. पाहुणे जुन्या वळणाचे. धूमकेतू म्हणजे अपशकुन. सोयरीक मोडली.

शामरावांना त्याचं काहीच नाही. पुढे प्रत्येक लग्नामुंजीत ते बाईंना 'धूमकेतूबाई' म्हणत राहिले, आणि बाई हसून त्यांच्या पानात वाढत राहिल्या.

२०२४च्या कोजागिरीच्या आठवड्यात खराखुरा धूमकेतू मावळतीला दिसू लागला. पाऱ्यातल्या मराठी मंडळाचा दुधाचा कार्यक्रम बाईंनी आपल्या गच्चीवर मागून घेतला, तोही दिवेलागणीला. शामराव मंडळाचे अध्यक्ष, तेव्हा पहिला मान त्यांचा. बाईंनी दुर्बीण झगझगीत शुक्रावर लावली आणि "बघा भाऊजी" एवढंच म्हणाल्या. धूमकेतू त्याच्या बराच वर, उजवीकडे, फिकट होता.

शामराव भाषणाला उभे राहिले. त्यांनी धूमकेतूचं तेज सांगितलं, मग न दिसलेली शेपूटही हात पसरून दाखवली. बाईंनी त्यांना मनसोक्त बोलू दिलं.

"भाऊजी, तुम्ही पाहिला तो शुक्र," त्या मग सगळ्यांदेखत म्हणाल्या. "रोजच दिसते तो. त्याले शेपूट नसते."

गच्ची हसली. शामरावांच्या सुनासुद्धा पदराआड हसल्या. बाईंनी दुर्बीण वळवून एकेकाला धूमकेतू दाखवला. शामराव रांगेत उभे न राहता, दूध न पिताच निघून गेले.

दुसऱ्या संध्याकाळी ते एकटेच जिना चढून आले. धाप लागली होती.

"मले दाखव ना गोदू. आता हजारो वर्षं येत नाही म्हणतात."

भिलाईहून आलेली गंधाली शेजारीच उभी होती. "छोड़ ना आई," ती म्हणाली. "मैंने तो कब का छोड़ दिया."

"तू सोड," बाई म्हणाल्या. मग दिराकडे वळल्या. "अजून काही दिवस दिसन तो, भाऊजी. पण माझ्या गच्चीवरून नाही."

शामराव भिंतीला धरून हळूहळू खाली उतरले. बाईंनी त्यांची पावलं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली, मग दुर्बिणीला डोळा लावला. धूमकेतू कालच्यापेक्षा मंद झाला होता, तरी बाईंना तो फार आवडला.